सणात मन जड झालं तर एक डबा भरा

बाबा गेले त्या वर्षी आमच्या दाराला आकाशकंदील नव्हता. यंदा कढई चढवायची नाही, असं आईने नवरात्रातच सांगून टाकलं होतं. वसुबारसेच्या संध्याकाळी अख्ख्या सोसायटीत तळणाचा वास भरला होता आणि आम्ही दोघी टीव्ही न लावता बसलो होतो. साडेसातच्या सुमाराला बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. हातात स्टीलचा डबा, वर क्रोशाचा रुमाल. आत येऊन खुर्चीत टेकल्या आणि आईला म्हणाल्या, "भाऊंना भाजणीची चकली आवडायची ना? गच्चीवर गप्पा मारताना माझ्याकडे हक्काने मागायचे. म्हणून पहिला घाणा इकडेच आणला."

आई बऱ्याच दिवसांनी मोकळी रडली. मग तिने एक चकली मोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. काकू वीस मिनिटं बसल्या, फार काही बोलल्या नाहीत आणि गेल्या.

पुढच्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःहून डबा भरला आणि जिना चढून तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे गेले. त्यांचा मुलगा कॅनडात, आजींना जाऊन चार वर्षं झालेली. अर्ध्या तासाने खाली उतरताना जाणवलं की सकाळपासून छातीवर बसलेला दगड थोडा सरकलाय. गेला नव्हता, सरकला होता. तेव्हापासून दर दिवाळीत मी हे ठरवून करते. काय जमलं, काय चुकलं ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. यंदाची दिवाळी ज्यांना जड जाणार आहे त्यांच्यासाठी हे आहे. नोकरीसाठी नव्या शहरात आलेले, घरातलं कुणी गमावलेले, मुलं दूर असलेले आईवडील, घटस्फोटानंतरचा पहिला सण एकट्याने काढणारे, असे सगळे.

सणातच मन का खचतं

एरवीच्या दिवसांना काम असतं. ऑफिस, क्लास, लोकल, डबा, झोप. सणात ही सगळी चौकट एकदम निघते. मेस बंद, ऑफिस बंद, रूमवरचे सगळे गावाला गेलेले. फोन उघडावा तर प्रत्येक ग्रुपवर कुणाच्या तरी अंगणातली रांगोळी आणि एका रांगेत बसून फराळ करणारी माणसं. त्यात मागच्या दिवाळ्या आठवतात. ज्या घरात माणूस गेलंय तिथे पहिल्या आंघोळीच्या पहाटे पाट मांडताना एक पाट कमी मांडावा लागतो. ती पहाट फार कठीण असते.

अशा वेळी मन स्वतःभोवती घिरट्या घालत राहतं. कुणासाठी काहीतरी करायला उठलं की लक्ष काही काळ तरी बाहेर जातं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोर एक माणूस येतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी नैराश्य, चिंता किंवा ताणाची लक्षणं असलेल्या १२२ जणांवर एक प्रयोग केला. तो २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्यातले दोन दिवस, दिवसाला तीन अशी इतरांसाठी चांगली कामं करायची होती, दुसऱ्याने लोकांत मिसळण्याचे बेत आखायचे होते, तिसऱ्याने नकारात्मक विचार वहीत लिहून तपासायचे होते. बरं तिन्ही गटांना वाटलं. पण आपण माणसांशी जोडलेले आहोत ही भावना पहिल्या गटात सर्वांत जास्त वाढली. दिवाळीत नेमकी तीच हवी असते.

पायरी १: नेमकं काय जड आहे ते ओळखा

एकटेपण, दुःख, पैशाची ओढाताण आणि नुसती दमणूक, आतून सगळं सारखंच वाटतं. पण प्रत्येकाचं औषध वेगळं.

दमणूक असेल तर कृपा करून यादीत आणखी एक चांगलं काम घालू नका. दहा दिवस ओट्याशी उभी असलेली बाई आधीच सगळ्या घरासाठी राबते आहे. तिच्यासाठी पहिली पायरी म्हणजे काहीतरी कमी करणं. पाच पदार्थांऐवजी दोन करा. चकली बचत गटाच्या बायकांकडून विकत घ्या, त्यांचीही दिवाळी होते. अनारसे यंदा नाही झाले तर सण अडत नाही. आणि तुम्ही त्या बाईचे नवरा, मुलगा, सून किंवा जावई असाल तर तुमची पहिली पायरी स्वयंपाकघरातच आहे. करंज्यांचं सारण भरायला बसा. कडा मुरडणं नाही जमलं तरी कातणं फिरवता येतंच.

पैशाची ओढाताण असेल तर मनातून एक गोष्ट काढून टाका, की चांगलं वागायला खर्च लागतो. २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एलिझाबेथ डन, लारा अॅकनिन आणि मायकेल नॉर्टन यांचा एक छोटासा प्रयोग छापून आला होता. लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले आणि संध्याकाळी पाचपर्यंत खर्च करायला सांगितलं, काहींना स्वतःवर, काहींना दुसऱ्यासाठी. त्यानंतर विचारलं तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे जास्त आनंदात होते, आणि रक्कम ५ होती की २० यावरून फरक पडला नाही.

पायरी २: एक माणूस, नावानिशी

"यंदा गरजूंसाठी काहीतरी करू" असं ठरवलं की हमखास काही होत नाही. कागद घ्या आणि ओळखीतलं एक नाव लिहा. फार तर दोन.

नाव सुचत नसेल तर आजूबाजूला पाहा. बाजूच्या फ्लॅटमधली, सुट्टी न मिळालेली नर्स. वर्गातला तो मुलगा, जो "तिकीट नाही मिळालं" म्हणून हॉस्टेलवरच थांबलाय. अशा मुलाला नरकचतुर्दशीच्या पहाटे आंघोळीनंतरच्या फराळाला बोलवा. पहाटे साडेपाचला कुणाच्या तरी घरी आपली वाट पाहिली जाते आहे, हे परक्या शहरात फार मोठं असतं. सोसायटीचा वॉचमन बिहार किंवा पूर्व उत्तर प्रदेशातला असेल तर त्याचा मोठा सण, छठ, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येतो. त्याला लाडूंचा पुडा द्याच, पण त्या दिवशी नदीवर जायला सुट्टी मिळावी म्हणून सेक्रेटरींशी बोललात तर ते त्याला जास्त मोलाचं वाटेल. ज्याची गरज त्याच्या सणाशी बांधलेली आहे, त्याला आपल्या सणातलं काहीतरी देऊन आपण मोकळे होतो. माझ्याकडूनही ही चूक झाली आहे.

शक्यतो असं नाव निवडा ज्याच्याकडे चालत जाता येईल. दूरच्या आश्रमाला दान पाठवणं उत्तमच, ते जरूर करा. पण मन हलकं होण्यासाठी समोर चेहरा लागतो.

पायरी ३: दिवस ठरवा

कॅलिफोर्नियाच्या मानसशास्त्रज्ञ सोनिया ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका अभ्यासात लोकांनी सहा आठवडे, आठवड्याला पाच चांगली कामं केली. ज्यांनी ती एकाच दिवशी केली त्यांचं समाधान वाढलं. ज्यांनी आठवडाभर थोडी थोडी केली त्यांच्यात तसा फरक दिसला नाही, बहुधा विखुरलेली कामं रोजच्या धबडग्यात विरून जातात म्हणून. तेव्हा एक दिवस धरा.

मी वसुबारस धरते. घराघरात फराळ होत आलेला असतो, पाहुण्यांची गर्दी सुरू झालेली नसते, आणि एकट्या माणसाला सणाच्या सुरुवातीलाच कळतं की कुणीतरी आपली आठवण ठेवली आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणाकडे जाऊ नका, सगळे पूजेच्या घाईत असतात. भाऊबीज मात्र लक्षात ठेवा. ज्यांना भाऊ किंवा बहीण नाही, किंवा होती आणि आता नाही, त्यांना हा दिवस सगळ्यांत जास्त लागतो. पुण्यात कर्व्यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेसाठी भाऊबीज निधी गोळा करण्याची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. अनोळखी मुलींच्या शिक्षणासाठी ओवाळणी द्यायची ही कल्पना मला फार आवडते. माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ अपघातात गेला. तो तिच्या ताटात ओवाळणी टाकायचा, तेवढी रक्कम ती दरवर्षी एका मुलीच्या फीसाठी देते, आणि त्या दिवशी मी तिच्या घरी जेवायला जाते.

पायरी ४: डबा भरताना

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण बारीक गोष्टींतच खरी काळजी दिसते.

आधी विचारा किंवा आठवा की त्या माणसाला काय चालतं. साखरेचा त्रास असलेल्या आजोबांना बेसनाचे लाडू देऊन आपण त्यांना नुसतं पाहत बसायला लावतो. पातळ पोह्यांचा चिवडा बहुतेकांना चालतो, फक्त दात नसतील तर खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे त्यांच्या वाट्यातून काढून ठेवा. चकली गार झाल्यावरच भरा, गरम भरली तर वाफ धरून सादळते. लाडू आणि चिवडा एकत्र भरू नका, लाडवाला तिखटाचा वास लागतो. पदार्थ दोनच असू द्या आणि थोडे द्या. एकट्या माणसाच्या घरी किलोभर फराळ म्हणजे संपवण्याचं ओझं.

डबा स्टीलचा घ्या. प्लास्टिकच्या वापरून फेकायच्या डब्यात दिलं की व्यवहार तिथेच संपतो. स्टीलचा डबा परत करायचा असतो, आणि आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. म्हणजे त्या माणसाला तुमच्या दारात यायला एक कारण मिळतं आणि तुम्हाला काहीतरी द्यायची संधीही मिळते. सारखं घेत राहणाऱ्या माणसाला आतून लहान वाटतं. डबा परत करताना तो बरोबरीने येतो. म्हणून "डब्याची घाई नाही" म्हणा, पण "डबा राहू द्या तुम्हालाच" असं म्हणू नका.

ज्यांना काहीच खाणं चालत नाही त्यांना दिवाळी अंक न्या. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाशेजारी अंक आहेच. डोळे अधू झाले असतील तर एक कथा वाचून दाखवा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांसाठी मी हेच करते. मध्येच थांबवून ते लेखकाची चूक काढतात, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतले सर परत आलेले दिसतात. ते चाळीस वर्षं शिक्षक होते.

पायरी ५: दारात उभं राहिल्यावर

बहुतेकांचं पाऊल इथे अडतं. "काय वाटेल त्यांना? उगीच घुसल्यासारखं होईल का?" मीही पहिल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरून दोनदा परत फिरले होते.

शिकागोतल्या एका बागेत, बर्फावर घसरण्याच्या मैदानाशेजारी, अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी लोकांना गरम चॉकलेटचा पेला अनोळखी माणसाला द्यायला सांगितलं. घेणाऱ्याला कितपत आनंद होईल, याचा अंदाज देणाऱ्यांनी बांधला. प्रत्यक्षात घेणाऱ्यांना झालेला आनंद त्यापेक्षा बराच जास्त होता. देणारा वस्तू मोजत बसतो, घेणाऱ्यापर्यंत मात्र माया पोहोचते. तेव्हा बेल वाजवा.

बोलायचं काय, तर साधं. "आज चिवडा केला, तुमची आठवण झाली." एवढं पुरे. "तुम्ही एकटे असता ना, म्हणून आणलं" हे वाक्य चुकूनही नको. फोटो काढू नका, स्टेटसला टाकू नका. बसा म्हणाले तर बसा, पण वीस-पंचवीस मिनिटांत उठा. नाही म्हणाले तर हसून निघा. दार लवकर लागलं म्हणजे राग आला असं नसतं, काही माणसांना रडू दाखवायचं नसतं.

दुखवट्याच्या घरी जाताना एक गोष्ट आणखी. आपण सगळे गेलेल्या माणसाचं नाव टाळतो, घरच्यांना त्रास होईल म्हणून. घरच्यांच्या मनात तर दुसरं काहीच नसतं, आणि कुणी नाव घेत नाही याचाच त्रास जास्त होतो. त्या माणसाची एखादी खरी, छोटी आठवण सांगा. काकूंनी चकलीची सांगितली तशी. "आता सावरायला हवं", "देवाला चांगली माणसं लागतात" ही वाक्यं टाळा. आणि त्या घरी कंदील नसेल तर का नाही, हे विचारू नका.

पायरी ६: वर्षभर आपल्यासाठी राबणारे

घरकाम करणाऱ्या मावशी, कचरा नेणारे, पेपर टाकणारा मुलगा, लिफ्टवाले. यांना दिवाळीची पोस्त देण्याची आपली जुनी पद्धत आहे. ती धनत्रयोदशीच्या आधी द्या, म्हणजे त्यांच्याही बाजारात उपयोगी पडते. पाकिटात घालून, दोन्ही हातांनी, नाव घेऊन द्या. घरकाम करणाऱ्या मावशींना निदान एका महिन्याचा पगार द्यावा असं माझं ठाम मत आहे, आणि पाडवा-भाऊबीजेची भरपगारी रजा त्या वेगळी मागायच्या आत द्यावी. भाऊबीजेनंतर उरलेला, सादळलेला फराळ त्यांच्या पिशवीत घालू नये. द्यायचा तर पहिल्या घाण्यातला द्यावा.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या पहाटे रस्त्यावर फटाक्यांच्या कागदाचा खच पडलेला असतो, आणि तो उचलायला महानगरपालिकेच्या सफाई कामगार बाया आपली मुलं घरी ठेवून आलेल्या असतात. रात्रीच झाडू घेऊन आपल्या दारापुढचं गोळा करून ठेवा. फुटलेली पणती आणि काच वेगळ्या कागदात गुंडाळा. याला दहा मिनिटं लागतात.

पायरी ७: घ्यायला शिका

ही पायरी मला सर्वांत अवघड गेली. आपण देणारे झालो की घेताना अवघडतो. कुणी जेवायला बोलावलं तर "नको, उगीच त्रास" हे शब्द आपोआप तोंडात येतात. नव्या शहरात आलेल्यांनी तर ते विसरूनच जावेत. बोलावलं तर जा. मोकळ्या हाताने जायला संकोच वाटत असेल तर झेंडूची चार फुलं न्या, नाहीतर जेवणानंतर भांडी घासू लागा. आणि कुणी बोलावलंच नाही तर स्वतः म्हणा, "या वर्षी मी इथेच आहे, पाडव्याला तुमच्याकडे येऊ का?" आपल्याकडे या प्रश्नाला नाही म्हणणारी घरं फार थोडी.

हे कुठे पुरत नाही

डबा भरणं म्हणजे उपचार नव्हे. ज्याने दुखावलं, मारलं, फसवलं, त्या नातेवाइकाकडे सण आहे म्हणून जायची सक्ती स्वतःवर करू नका. तिथे दार बंद ठेवणं ही स्वतःवरची माया आहे.

झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही आणि असं दोन आठवडे चाललं आहे, किंवा जगणं नको असे विचार येत आहेत, तर लगेच डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते, सणाच्या दिवशीही, आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी ८ ते रात्री ८ असते. हे दोन्ही क्रमांक मी डबा देताना एका चिठ्ठीवर लिहून शेजारच्या ज्येष्ठांच्या फोनजवळ चिकटवून येते. कुणी विचारलं तर सांगते, असू द्या, कधी कुणाला सांगायला उपयोगी पडतील.

भाऊबीज झाल्यावर

पाहुणे गेले, कंदील उतरले, की एकट्या घरांत पुन्हा तीच शांतता येते, आधीपेक्षा जास्त. म्हणून मी एक फेरी मुद्दाम तुळशीच्या लग्नापर्यंत राखून ठेवते. या वेळी काही न्यायचं नाही, नुसतं जायचं.

मागच्या वर्षी ती वेळ आलीच नाही. तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी मी कुंडीला गेरू लावत होते, तेवढ्यात दारात काठीचा आवाज आला. आजोबा एकटे दोन जिने उतरून आले होते. हातात माझा डबा, आत चार आवळे, चिंचा आणि मूठभर बोरं. "लग्नाला लागतील म्हणून आणली," म्हणाले. मग उंबऱ्याशी थोडे थांबले. "घाईत नसाल तर मंगलाष्टकं मी म्हणतो. अजून पाठ आहेत मला."

आईने आतून त्यांच्यासाठी खुर्ची आणली आणि मी अंतरपाटाला बाबांचं उपरणं शोधायला गेले.